वाक्रूळकर आणि पार्टी

लोक विचारतात, तुम्ही बँडमध्ये काय वाजवायचात?
मी सायकलची घंटी वाजवायचो.
कॅरिअरला अँप्लिफायर बांधून
रास्ता पेठेतून घोरपडीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटपर्यंत
खड्डे चुकवत न्यायचो.
एक व्हॉल्व्ह फुटला तर अठरा रुपये.
माझा महिन्याचा पगार बावीस.

गिटार एझ्राची.
एझ्रा वाक्रूळकर, खडकीच्या कारखान्यात काडतुसं मोजणारा.
शुक्रवारी दिवेलागणीपासून तारेला हात नाही.
शनिवारी तिन्हीसांजेला जिन्यात उभा राहायचा,
केसाला तेल, पायात टोकदार बूट, नजर वर,
एक... दोन... तीन तारे दिसले
की आईच्या पाया पडून गिटार उचलायचा.
स्टेजवरही तसंच. गाणं इंग्रजी, मोजणी मराठी:
एक, दोन, तीन.
चार कधी म्हणाला नाही. चारला थेट तार.

शिकला कुठं म्हणाल, तर एका रेकॉर्डवर.
बोटीवरच्या मावसभावानं आणलेली, ओरखडा पडलेली.
एका जागी सुई अडायची, तेच तेच म्हणायची.
याला वाटलं गाणंच तसं आहे.
त्यानं ती अडखळ बोटांत बसवली,
आणि छावणीतली पोरंपोरी कित्येक वर्षं
त्या ओरखड्यावर नाचली. कुणी तक्रार केली नाही.

पार्टी म्हणजे अशी:
ड्रमवर गेनू अवघडे, भवानी पेठ,
मनगटात बापाची हलगी.
सॅक्सोफोनला जाल तवडिया, दमेकरी,
दोन फुंकांमध्ये खिडकीशी जाऊन यायचा.
बासवर कायतान फुर्तादो, वाजवून झालं
की तसाच बेकरीत, पाव लावायला.
लाल कोट गेनूच्या लग्नाच्या बँडचे,
खांद्यावरच्या झालरी कापून घेतलेले.
चुकीच्या सुराला एक आणा दंड.
सगळ्यात जास्त दंड एझ्राच भरायचा,
आपणच ऐकायचा, आपणच डब्यात टाकायचा.

मुंबईला जाऊन एक रेकॉर्ड केली.
कंपनीनं वाक्रूळकरचं वॉकर केलं.
आम्ही चिडलो. तो म्हणाला,
जाऊ दे रे, वाक्रूळ गाव तरी कुणी बघितलंय?
मीही नाही बघितलं.
दोनशे प्रती निघाल्या. एकशे साठ परत आल्या.
त्या मीच आणल्या, स्टेशनवरून, दोन खेपांत.

मग पानशेत फुटलं.
अँप्लिफायर दुरुस्तीला होता, नारायण पेठेत.
दहा दिवसांनी गाळातून निघाला,
जाळीत कुणाच्या तरी चपलेचा अंगठा.
मी रडलो. तो नाही.
त्या शनिवारी शाळेतल्या छावणीत
ओल्या सतरंज्यांवर बसलेल्या लोकांपुढे
कंदिलाच्या उजेडात उघड्या तारेवर वाजवला.
आवाज पहिल्या दोन रांगांपुरता.
मागच्यांनी पोरांना गप्प केलं. मग स्वतः गप्प झाले.
रॉक अँड रोल ऐकायला श्वास धरलेली माणसं
मी तेवढी एकदाच पाहिली.
एक म्हातारी म्हणाली, भजन चांगलं आहे,
पण जरा घाईत म्हणतोय.

चौसष्टला ते सगळे गेले, इस्राएलला.
गिटार नेली. दंडाचा डबा मला दिला.
डिमोनाहून पत्र आलं, मोडी वळणाचं मराठी:
सूतगिरणीत आहे. इथं वाळवंट.
संध्याकाळी तारे इतके एकदम येतात
की तीनावर थांबताच येत नाही.
खाली ताजा कलम: तुझ्या ट्यूबचे अकरा रुपये राहिले.
ते अजून राहिलेत.

परवा शनिवारी गच्चीवर गेलो, हडपसरला, नातीबरोबर.
आता कुठले तारे इथं, टॉवरचे लाल दिवे.
तरी मान दुखेपर्यंत बघितलं.
एक सापडला. दुसरा, ती म्हणते, शुक्र, तो धरायचा का?
धर म्हटलं.
तिसरा हळूहळू मोठा होत गेला,
आणि लोहगावला उतरला.